पंचवीस फुटांचं होबोकेन

न्यूयॉर्क बघायला गेलेला मराठी पाहुणा बऱ्याचदा मुक्कामाला असतो तो हडसन नदीच्या अलीकडच्या काठावर, न्यू जर्सीत. एडिसनला भाऊ, पार्सिपनीला कॉलेजातला मित्र, जर्सी सिटीला भाची. सकाळी नदीखालच्या बोगद्यातून पलीकडे जायचं, दिवसभर मॅनहॅटन पालथं घालायचं आणि रात्री वरणभाताला घरी परतायचं. माझा बेतही तसाच होता. पण भाचीच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर होबोकेन नावाचं एक छोटं शहर आहे, आणि त्याच्याविषयी वाचलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. २०१७ च्या जानेवारीत तिथे रस्ते अपघातात एक माणूस गेला. त्यानंतर सात वर्षं उलटली तरी दुसरा गेला नाही. पायी चालणारा नाही, सायकलवर असलेला नाही, मोटारीत बसलेलाही नाही.

मी पुण्याची. शाळा-कॉलेजची सगळी वर्षं सायकलवर काढली आणि पुढे रस्त्यांची भीती बसल्यावर ती सोडली. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांतली जवळजवळ ३३ हजार पायी चालणारी होती. म्हणून ते सात वर्षांचं शून्य मला प्रत्यक्ष बघायचं होतं.

होबोकेनची वस्ती साठ हजारांच्या आसपास, आणि जमीन जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटर. अमेरिकेतल्या सर्वांत दाट वस्तीच्या शहरांपैकी हे एक. दक्षिण टोकाला १९०७ साली बांधलेलं रेल्वे टर्मिनल आहे: बाहेरून तांब्याचा हिरवट पत्रा, आत प्रतीक्षालयावर टिफनीच्या रंगीत काचांचं छत. आगगाड्या, नदीखालून जाणारी पाथ रेल्वे, ट्राम, बस आणि होड्या, सगळं इथे एकत्र येतं. शहरातले बरेचसे नोकरदार सार्वजनिक वाहनांनीच कामावर जातात. अमेरिकेत हे फार दुर्मीळ आहे, आणि होबोकेनच्या यशाचा हिशेब मांडताना ते विसरून चालणार नाही. ज्या गावात माणसं मुळातच चालतात, तिथे चालणाऱ्यांची बाजू घेणारे मतदारही असतात.

टर्मिनलमधून बाहेर पडलं की ऑब्झर्व्हर हायवे लागतो. नाव हायवे असलं तरी हा शहरातलाच रस्ता. त्याच्या कडेला सायकलींसाठी मोटारींपासून अलग केलेली मार्गिका आहे. आम्ही भाड्याच्या सायकली घेतल्या होत्या. भाची पुढे, मी मागे. बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसले होते, त्यामुळे हँडल घट्ट धरून ठेवलं होतं. पहिला चौक आला तेव्हा भाची थांबली आणि म्हणाली, "मावशी, आता नुसती उभी राहा आणि तुला काय काय दिसतंय ते सांग."

मला सगळंच दिसत होतं. आडव्या रस्त्यावरून येणारी मोटार, तिच्या मागची बस, समोरच्या फुटपाथवर कुत्र्याला घेऊन उभा असलेला माणूस. यात विशेष काय, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. कोपऱ्यावर एकही गाडी उभी नव्हती.

होबोकेनने केलेल्या कामाचा गाभा हाच. तिथले अभियंते त्याला 'डेलाइटिंग' म्हणतात. चौकाच्या चारही बाजूंना, झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे साधारण पंचवीस फूट जागेत कुणी गाडी लावायची नाही. नियम नवा नाही. न्यू जर्सी राज्याच्या कायद्यात तो जुनाच आहे. होबोकेनचं वेगळेपण एवढंच की तो नियम त्यांनी पाटीवर ठेवला नाही, जमिनीवर उतरवला. रस्त्याचं डांबरीकरण निघालं की त्याच खर्चात कोपऱ्यांवर नवे पट्टे मारायचे, मोकळ्या जागेत पांढरे लवचीक प्लास्टिकचे खांब रोवायचे, जमेल तिथे सायकली लावायचे स्टँड बसवायचे. पैसा हाती आला की त्याच जागी पक्कं बांधकाम करून फुटपाथच पुढे आणायचा. एकेक रस्ता करत शहरभर.

पंचवीस फुटांनी काय साधतं याचा हिशेब मी तिथेच उभी राहून केला. २०२२ पासून शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी वीस मैलांची, म्हणजे ३२ किलोमीटरची वेगमर्यादा आहे. त्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे नऊ मीटर जाते. पंचवीस फूट म्हणजे साडेसात मीटर. थोडक्यात, कोपरा मोकळा ठेवल्याने ड्रायव्हरला जेमतेम सेकंदभर आधी माणूस दिसतो. ऐकायला सेकंद म्हणजे काहीच नाही. पण कोपऱ्यावर उंच नाकाची एसयूव्ही उभी असेल तर तिच्या आड सहा वर्षांचं मूल अख्खं झाकलं जातं. ते मूल पाऊल टाकतं तेव्हाच ते ड्रायव्हरला पहिल्यांदा दिसतं, आणि मग ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी पुढे आलेली असते. मोठ्या माणसाचंही तेच. पलीकडचं दिसत नाही म्हणून तो दोन पावलं रस्त्यात उतरून, मान पुढे काढून बघतो. हे आपण सगळेच करतो, आणि त्या दोन पावलांत अपघात होतात.

पुढे वॉशिंग्टन स्ट्रीट, शहराचा मुख्य रस्ता. दोन्ही बाजूंना विटांच्या जुन्या इमारती, खाली बेकऱ्या, केस कापायची दुकानं, इटालियन खाणावळी. काही वर्षांपूर्वी हा रस्ता नव्याने बांधला गेला. एका कोपऱ्यावर मी सायकल लावली आणि नीट न्याहाळत बसले. फुटपाथ चौकापाशी रस्त्यात पुढे आलेला होता. त्यामुळे रस्ता ओलांडायचं अंतर पार्किंगच्या एका रांगेएवढं कमी झालं होतं, आणि वळणारी मोटार कोपरा कापून सुसाट निघू शकत नव्हती. तिला वेग कमी करून काटकोनात वळावं लागत होतं. पुढे आलेल्या भागात एक खोलगट वाफा, त्यात उंच गवत आणि जांभळी फुलं. वाफ्याच्या कडेला खाचा होत्या, रस्त्यावरचं पाणी आत यावं म्हणून. फुटपाथ जिथे उतरतो तिथे उठावाच्या ठिपक्यांची फरशी होती, अंध माणसाच्या पायाला कळावं की इथून पुढे रस्ता. सिग्नलवर चालणाऱ्या माणसाचं चिन्ह उजळलं तेव्हा गाड्यांचा दिवा अजून लालच होता. चालणाऱ्यांना काही सेकंदांची आघाडी मिळते, ते निम्म्या पट्ट्यांपर्यंत पोचतात, आणि मग वळणाऱ्या गाड्यांना हिरवा मिळतो. तोवर माणूस अगदी समोर आलेला असतो, न दिसायचा प्रश्नच नसतो.

यातली कुठलीच वस्तू महाग किंवा अवघड नाही, याचंच मला सर्वांत आश्चर्य वाटलं. उड्डाणपूल नाही, भुयारी मार्ग नाही. आपल्याकडे पादचाऱ्याची सोय करायची म्हटली की त्याला वीस-पंचवीस पायऱ्या चढायला लावणारा पूल उभा राहतो, आणि गुडघे दुखणारी माणसं त्याच्या सावलीतून जीव मुठीत धरून खालूनच जातात. होबोकेनने माणसाला जमिनीवरच ठेवलं आणि गाडीला थोडं मागे सरायला सांगितलं.

अवघड होतं ते पार्किंग काढून घेणं. दाट वस्तीच्या या शहरात गाडी लावायच्या जागेवरून कडाक्याची भांडणं होतात, आणि प्रत्येक मोकळा कोपरा म्हणजे कुणाची तरी रोजची जागा गेलेली असते. डॉन झिमर महापौर होत्या तेव्हा कामाची सुरुवात झाली. २०१७ मध्ये रवी भल्ला निवडून आले, न्यू जर्सीतले पहिले पगडीधारी शीख महापौर. त्यांनी २०१९ मध्ये 'व्हिजन झीरो' हे धोरण शहरासाठी स्वीकारलं. मूळ कल्पना स्वीडनची. तिथल्या संसदेने १९९७ मध्ये ती मान्य केली. माणूस चुकणारच हे धरून चालायचं आणि चुकीची शिक्षा मृत्यू असणार नाही असे रस्ते बांधायचे, हे तिचं सूत्र. आपण अपघातानंतर चूक कुणाची यावर रात्रभर वाद घालतो आणि चौक तसाच ठेवतो, म्हणून मला हे सूत्र फार मोलाचं वाटतं.

होबोकेनचे बरेच रस्ते अरुंद आहेत. ते तसे का, याचं उत्तर इतिहासात आहे. कर्नल जॉन स्टीव्हन्सने १७८४ मध्ये ही जमीन लिलावात घेतली आणि १८०४ मध्ये गावाचा आराखडा आखला. मोटारी यायला अजून शंभर वर्षं होती. चौकोनी ठोकळे आणि घोडागाडीपुरते रस्ते. पुढे हे मोठं बंदर झालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेचे बरेच सैनिक इथूनच युरोपला निघाले. मार्लन ब्रँडोचा 'ऑन द वॉटरफ्रंट' १९५४ मध्ये पडद्यावर आला, त्यातले धक्के आणि गल्ल्या इथल्याच. मग कंटेनर आले, जहाजं नेवार्क आणि एलिझाबेथकडे गेली आणि गोद्या ओस पडल्या. पुढच्या काळात पलीकडे नोकरी करणारी तरुण मंडळी राहायला आली, धक्क्यांच्या जागी बागा झाल्या आणि घरभाडी गगनाला भिडली. मोकळ्या कोपऱ्यांचं सुख आता महागड्या गावात मिळतं, हेही खरं आहे. पण ज्या उपायांनी ते मिळालं ते गरीब वस्तीलाही परवडतील असे आहेत.

पश्चिमेकडे वळलो तसा उतार जाणवू लागला. शाळा सुटायची वेळ झाली होती. चौकात चमकदार जाकीट घातलेल्या एक वयस्क बाई हातात 'थांबा'ची अष्टकोनी पाटी घेऊन उभ्या होत्या. इथे सिग्नल नव्हता. चारही बाजूंना नुसत्या थांबण्याच्या पाट्या. प्रत्येक गाडीने पूर्ण थांबायचं, जो आधी आला त्याने आधी निघायचं. २०१० पासून राज्याचा कायदाही कडक झाला आहे: पट्ट्यांवर माणूस असेल तर गाडी थांबवायची आणि तो पार होईपर्यंत थांबूनच राहायचं, नाहीतर दोनशे डॉलर दंड. सगळेच पाळतात असं नाही. एक व्हॅन न थांबताच सरकू लागली तेव्हा बाईंनी पाटी तिच्या काचेसमोर धरली आणि तिला जागच्या जागी उभं केलं.

बाबागाडी ढकलणाऱ्या एक आजी आमच्या शेजारी उभ्या होत्या. आमचं बोलणं कानावर पडताच वळल्या. "मराठी का तुम्ही? आम्ही सांगलीचे." मुलीचं बाळंतपण करायला आल्या होत्या. नातवाला रोज नदीपर्यंत फिरवून आणतात.

"एकट्याच जाता?" मी विचारलं.

"एकटीच. सुरुवातीला जावई सोबत यायचे. मग म्हटलं, तुम्ही जा कामाला. इथं मी नुसती कडेला उभी राहिले तरी गाडी थांबती हो. तिकडं मला विश्रामबागचा चौक ओलांडायला मुलाचा हात धरावा लागतो."

आम्हाला निरोप देऊन त्या पट्ट्यांवर उतरल्या. चाल सावकाश होती, बाबागाडीचं एक चाक जरा अडत होतं, आणि तिन्ही बाजूंच्या गाड्या थांबलेल्या होत्या. मी त्या दृश्याकडे टक लावून बघत होते. माझी आई शेवटची काही वर्षं घराबाहेर फारशी पडली नाही, त्याचं मोठं कारण आमच्या गल्लीच्या टोकाचा चौक होता.

शहराचा हा पश्चिम भाग सखल आहे, पूर्वीची दलदल. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात हडसनचं पाणी उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून आत शिरलं आणि निम्मं शहर बुडालं. लोकांना बाहेर काढायला नॅशनल गार्डचे ट्रक आणावे लागले. वॉशिंग्टन स्ट्रीटवर पाहिलेल्या वाफ्यांचा अर्थ मला इथे उमगला. फुटपाथ पुढे आणला की चालणाऱ्याला सुरक्षित जागा मिळते आणि त्याच जागेत पावसाचं पाणी मुरवता येतं. वायव्य भागात २०२३ मध्ये खुल्या झालेल्या रेझिलिएन्सिटी पार्कमध्ये हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर आहे: वर मुलांची खेळायची मैदानं, खाली पाणी साठवण्याची सोय, बागेची एकूण क्षमता वीस लाख गॅलनांपर्यंत. एका खड्ड्याच्या खर्चात दोन कामं. आपल्याकडे पावसाळी गटारांचं खातं आणि रस्त्यांचं खातं एकाच इमारतीत असून एकमेकांशी क्वचित बोलतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

तिथून नदीकडे. स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटची टेकडी वगळता सगळं जवळजवळ सपाट आहे. याच बाजूला १८४६ मध्ये ठरवून दिलेल्या नियमांनी बेसबॉलचा एक सुरुवातीचा सामना झाला. मैदानाचा आता मागमूस नाही. काठाने जाणाऱ्या रस्त्याला इथेच जन्मलेल्या फ्रँक सिनात्राचं नाव दिलं आहे. समोर मॅनहॅटन.

नदी ओलांडून मॅनहॅटनमध्ये गेलो, तर तिथे दुसरंच जग. नवव्या ॲव्हेन्यूवर २००७ मध्ये अमेरिकेतली एक महत्त्वाची सायकल मार्गिका झाली: फुटपाथला लागून सायकली, मग उभ्या मोटारींची रांग, आणि तिच्या पलीकडे वाहता रस्ता. उभ्या गाड्यांचीच भिंत केली. चौकांच्या मधल्या भागात मला अगदी निर्धास्त वाटलं, पण प्रत्येक चौकापाशी छाती धडधडायची. कारण डावीकडे वळणारी मोटार नेमकी सायकलच्या वाटेत येते, आणि तोवर दोघांच्या मध्ये उभ्या गाड्या असल्याने एकाला दुसरा दिसलेलाच नसतो. काही जुन्या चौकांत दोघांना एकाच पट्ट्यात मिसळायला लावलं आहे, आणि तिथे धाडस असेल तोच आधी जातो. काही ठिकाणी सायकलला वेगळा सिग्नल आहे. नव्या पद्धतीच्या चौकांत कोपऱ्यावर छोटं बेट बांधून मोटारीला मोठा वळसा घ्यायला लावतात, म्हणजे ती सायकलच्या वाटेपाशी येते तेव्हा जवळजवळ काटकोनात असते आणि ड्रायव्हरला सायकलवाला समोरच्या काचेतून दिसतो. नेदरलँड्सची ही जुनी रीत. एकाच रस्त्यावर असे निरनिराळे चौक एकामागून एक पार करताना कुठली रचना बरी, हे तक्त्यांशिवाय कळतं: ज्या चौकात मी ब्रेक सोडून पेडल मारलं, तो बरा.

या मार्गिकेत सर्वांत जास्त वर्दळ असते ती जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्यांची. बॅटरीच्या सायकली, हँडलला थंडीचे जाडजूड हातमोजे बांधलेले, पाठीवर चौकोनी पिशवी. ग्वाटेमाला, मेक्सिको, बांगलादेश, पश्चिम आफ्रिका, कुठून कुठून आलेली ही माणसं. जितक्या खेपा तितके पैसे, म्हणून ती सिग्नल तोडतात आणि चालणाऱ्यांच्या शिव्या खातात. चौकात सर्वांत जास्त वेळ तीच असतात, आणि चौकाची रचना ठरवणाऱ्या बैठकीत मात्र त्यांना कुणी बोलावत नाही. पुण्या-मुंबईतल्या डिलिव्हरीच्या पोरांचंही हेच.

आणि मोकळे कोपरे? न्यूयॉर्क राज्याचा कायदा चौकापासून वीस फुटांत गाडी लावू देत नाही, पण न्यूयॉर्क शहराने स्वतःला त्यातून वगळून घेतलं आहे. त्यामुळे बहुतेक चौकांत गाड्या थेट पट्ट्यांपर्यंत उभ्या. होबोकेनमधून आल्यावर हे डोळ्यांना फार खुपतं. मी प्रत्येक कोपऱ्यावर मान पुढे काढून बघू लागले होते. अर्थात, नुसती जागा मोकळी सोडूनही भागत नाही. तिथे खांब, स्टँड, वाफा असं काही ठोस नसेल तर वळणारी गाडी तीच मोकळी जागा वापरून आणखी वेगात वळते.

आपल्याकडेही कायदा आहे. १९८९ च्या रस्ता नियमांतच चौकाजवळ, वळणावर आणि पादचारी पट्ट्यांपाशी गाडी उभी करायला मनाई होती. प्रत्यक्षात कोपरा ही रिक्षा स्टँडची, पानटपरीची, वाढदिवसाच्या फ्लेक्सची आणि ट्रान्सफॉर्मरच्या पेटीची जागा. त्यात डावीकडे वळणाऱ्यांना सदैव मोकळीक. लाल दिव्यावर थांबलेल्या गाड्या बघून माणूस पाऊल टाकतो आणि डावीकडून दुचाक्यांचा लोंढा येतो. पुण्याने २०१७ मध्ये शेकडो किलोमीटरच्या सायकल मार्गांचा आराखडा मंजूर केला. पण मार्ग कितीही लांब केला तरी तो प्रत्येक चौकात तुटत असेल तर आई मुलाला सायकल देणार नाही. आधी शाळांजवळचे चौक घ्यावेत, रंग आणि खांबांनी महिनाभर करून बघावेत, लोकांची कुरकुर ऐकावी, सुधारावेत आणि मग पक्के करावेत. रिक्षावाल्यांना आणि टपरीवाल्यांना हुसकून न लावता चार गाड्यांचं पार्किंग काढून तिथे जागा द्यावी.

परतीचा टप्पा जर्सी सिटीच्या जर्नल स्क्वेअरचा. नेवार्क ॲव्हेन्यूवरच्या इंडिया स्क्वेअरमध्ये गुजराती मिठाईवाले, साड्यांची दुकानं, चिवड्याची पाकिटं आणि गणपतीच्या मूर्तीही. जर्सी सिटी होबोकेनच्या चौपटीहून मोठी. तिनेही हेच उपाय केले, आणि २०२२ मध्ये शहराच्या अखत्यारीतल्या रस्त्यांवर एकही मृत्यू झाला नाही. पण हा 'अखत्यारीतल्या' शब्द महत्त्वाचा आहे. इंडिया स्क्वेअरच्या टोकाला लागतो तो केनेडी बुलेव्हार्ड हा काउंटीचा रस्ता. शहरातून जाणारे काही मोठे मार्ग राज्याचे. तिथे पट्टे कुठे मारायचे आणि वेग किती ठेवायचा हे शहर ठरवू शकत नाही, आणि माणसं तिथे मरत राहिली आहेत. महापालिका, सार्वजनिक बांधकाम खातं आणि महामार्ग प्राधिकरण यांच्या हद्दींत तुकडे झालेल्या आपल्या रस्त्यांचीच ही गोष्ट आहे असं वाटलं.

संध्याकाळी आम्ही केनेडी बुलेव्हार्डच्या कडेला उभ्या होतो. भाचीच्या हातात मिठाईचा खोका. रस्ता रुंद, गाड्यांना वेग, आणि आमचा बसथांबा अगदी समोर. मी पाऊल उचललं तसं तिने दंड धरून मला मागे ओढलं. "मावशी, हा रस्ता होबोकेनचा नाही. इथून मी कधीच ओलांडत नाही. चल, पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊ आणि पलीकडून परत येऊ. बस गेली तर गेली."